अंबाडी, अकरा किलो

शुक्रवारी पहाटे साडेचारला
मनामाच्या भाजी मंडईत मी मागायला जाते.
'मागायला' हा शब्द पहिले सहा महिने गिळत होते,
'संकलन' म्हणायचे.
कुंजुमोनच्या गाळ्यासमोर संकलन चालत नाही.
तो आधी काट्याकडे बघतो, मग माझ्याकडे,
मग पायानं एक क्रेट पुढे सरकवतो:
टोमॅटो. वरचे दोन थर बरे, खालचे रडलेले.
"चेची, आज इतकंच."

तांदळाचं काही नाही, तांदूळ येतो.
कंपन्या देतात, बँका देतात, फोटो काढून देतात.
चणे, टूना, डब्यातला मका,
मुदतीचे तीन आठवडे उरलेल्या शेवया.
सलमाबादच्या आमच्या गॅरेजात
फळ्या वाकल्यात डब्यांनी.
पण डबा हातात आल्यावर कुणी तो नाकाशी नेत नाही.
कोथिंबीर नेतात.
एक नेपाळी पोरगा जुडी घेऊन
शटरपाशी नुसता उभा राहिला होता,
मागचे लोक ओरडेपर्यंत.

पोचय्या निजामाबादचा, पाइप फिटर.
पाच महिने पगार नव्हता.
त्यानं तांदूळ घेतला, तेल घेतलं,
आणि खालच्या आवाजात विचारलं, "गोंगुरा है?"
हवेत पानाचा आकार काढून दाखवला, पाच बोटं फाकवून.
मारिसेलला वाटलं, पाच म्हणतोय.
तिनं पाच कांदे मोजून दिले.
त्यानं ते घेतलेही.

मी देगलूरची.
त्याचं गाव माझ्या गावाहून एसटीनं दोन-अडीच तास.
गोंगुरा म्हणजे आमची अंबाडी,
कण्या घालून शिजवलेली, वरून लसणाची लाल फोडणी,
आणि पहिल्या घासाला एक डोळा आपोआप मिटतो.
हे मला कुणी समजवायला नको होतं.
तरी मी त्याला म्हणाले, "अगला हफ्ता."
असं कधी म्हणू नये, हा आमचाच नियम.

मंडईत विचारत फिरले.
शफीउलनं पालक पुढे केला, मग लाल माठ,
मग चिडून म्हणाला, मेथी तरी घ्या.
येमेनी कांदेवाल्यानं मान न उचलता सांगितलं, मा फी.

मिळाली ती बुरीला, हज्जी मक्कीच्या शेतात.
वाकडे म्हणून विकले न गेलेले मुळे आणायला गेले होते.
खजुरांच्या सावलीत, भिंतीला लागून
लालबुंद देठांची एक ओळ.
करकदे, तो म्हणाला. फुलं सरबताला.
"आणि पानं?"
"बकऱ्यांना."
बकऱ्यांना आठवडाभर दुसरं काही घाला,
हे मी कुठल्या भाषेत सांगितलं देव जाणे,
अर्धी अरबी, बाकी हात.
त्यानं एक पान तोडून चावलं,
तोंड वेडंवाकडं करून थुंकलं,
माझ्याकडे जरा काळजीनं पाहिलं,
आणि विळा आणायला माणूस धाडला.

अकरा किलो.
ओल्या गोणपाटात, मागच्या सीटवर, एसी पूर्ण सोडून.
मी कुडकुडत गाडी चालवली.

पोचय्या आला नाही.
त्याच्या खोलीतला राजलिंगू म्हणाला,
कॅम्प बदलला, मंगळवारी रात्री, अस्करला नेलं सगळ्यांना.
दोन जुड्या ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून
कंपनीच्या बसवाल्याकडे दिल्या.
पोचल्या की नाही, माहीत नाही.
फोन लागतो, उचलत नाही कुणी.

बाकीची अंबाडी वीस मिनिटांत संपली.
तेलंगणाची पोरं भांडली थोडी.
मारिसेलनं एक पान तोंडात टाकलं आणि म्हणाली,
आमच्याकडे चिंच घालतात, त्या रश्शाला हे चालेल.

रात्री वही लिहायला बसले.
रकाने तीन: आलेलं, गेलेलं, वाया.
आलेली अकरा. गेलेली अकरा.
एक जुडी मी घरी नेली होती,
ती कुठल्या रकान्यात बसेना.

परवा हज्जी मक्कीचा फोन.
दुसरी तोड तयार आहे, म्हणाला,
बकऱ्या चौकशी करतायत,
येणार असशील तर उन्हाच्या आधी ये.